बुधवारच्या लॉटमधल्या सात चकत्या

मास्टर पंचवीस मिलिमीटरचा होता आणि माझा मायक्रोमीटर पंचवीस पूर्णांक शून्य दोन दाखवत होता. मी दोन्ही पुसले आणि पुन्हा लावून बघितलं. तेच. तिसऱ्यांदा लावला, तरी तेच.

मास्टर म्हणजे अचूक मापाचा स्टीलचा छोटा दांडा. रोज सकाळी कामाआधी मायक्रोमीटर त्याच्यावर लावून बघायचा, हा नियम वर्कशॉपच्या भिंतीवर मीच चिकटवला होता. आणि मंगळवारपासून तो मीच पाळला नव्हता. सोमवारी सुट्टी व्हायच्या वेळेला मायक्रोमीटर टेबलावरून खाली पडला होता. वरून काही दिसलं नाही, म्हणून मी तो डबीत ठेवून दिला. आज शुक्रवार. बाराला टेम्पो येणार होता.

दोन हजार साल उलटून तीनेक वर्षं झाली असतील. वारूळवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. एरवी आम्ही पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट करायचो. पण पुण्याच्या एका कंपनीकडून वेगळंच काम आलं होतं. युरोपात जमिनीखाली एक गोल बोगदा होता. नारायणगावाहून जुन्नरला जाऊन परत यावं, जवळजवळ एवढ्या घेराचा. त्यात अणूच्या आतले कण प्रचंड वेगाने फिरवून एकमेकांवर आदळायचे होते. कणांना वळवायला मोठाले चुंबक. एकेक चुंबक एसटीपेक्षा लांब आणि पस्तीस टनांचा. प्रत्येकाखाली तीन जॅक. जॅकच्या स्क्रूखाली बसणारी स्टीलची चकती आमच्याकडे होत होती. ती पातळ झाली तर स्क्रूला प्ले येतो, म्हणजे तो ढिला बसतो. मग चुंबक ठेवला तिथेच राहील याची खात्री नाही.

माझा मायक्रोमीटर वीस मायक्रॉन जास्त दाखवत होता. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. तेवढ्यावर काही पातळ चकत्या मी पास केल्या असणार, आणि काही चांगल्या चकत्या फेकल्या असणार.

तेव्हा मला कोंडीभाऊंचं बोलणं आठवलं. ते ग्राइंडरवर, म्हणजे चकत्या घासायच्या मशिनवर, होते. त्यांचे वडील मेंढ्या घेऊन रानोरान फिरायचे. कोंडीभाऊ तरुणपणी मशिनवर आले ते तिथलेच झाले. आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, "मॅडम, दोन दिस झालं तुमी माजा माल लई रिजेक्ट करताय. हात तर माजा त्योच हाय."

मी त्यांना डोळे तपासून यायला सांगितलं होतं.

कपाटातला जुना मायक्रोमीटर काढला. मास्टरवर लावला. बरोबर होता. त्याने आजचा लॉट पहिल्यापासून मोजायला बसले. पातळ निघालेल्या चकत्या मी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवत गेले. साडेदहापर्यंत ट्रेचा तळ झाकला गेला. हे तरी हातात होतं. बुधवारचा लॉट पुण्याला पोचला होता, माझ्या सहीचं सर्टिफिकेट घेऊन.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. विलासशेठ कुणाशी तरी हसत बोलत होते. माझा चेहरा बघून त्यांनी फोन ठेवला. मी सगळं सांगितलं.

"आजचा माल थांबवा, बरोबर हाय," ते म्हणाले. "बुधवारचा कशाला उकरून काढताय? पास झालाय त्यो."

"पास मीच केलाय, शेठ."

"वीस मायक्रॉन म्हंजी किती वो? जॅक हाय त्यो, घड्याळ न्हाई."

"ड्रॉइंगवर लिहिलंय तेवढंच चालतं."

"आन् त्यांनी काम काढून घेतलं तर? अठरा माणसं हायेत हितं. तुमी पण त्यातच."

नोकरी जाईल हे मला दिसत होतं. सासरी निरगुडसरला काय सांगायचं याची वाक्यंही मी मनात जुळवायला लागले होते. तरी मी तिथून हलले नाही. शेवटी शेठनी फोन माझ्याकडे सरकवला.

"तुमीच बोला. माज्या तोंडातून न्हाई निघायचं."

पुण्याच्या कंपनीत नाडकर्णी साहेब तपासणीचे प्रमुख होते. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग विचारलं,

"रजिस्टरमध्ये रीडिंग लिहिलंय की नुसत्या बरोबरच्या खुणा केल्यात?"

"रीडिंग लिहिलंय, सर. प्रत्येक नंबरासमोर."

"मग थोडं जास्तच धरा. खालच्या मर्यादेपासून पंचवीस मायक्रॉनच्या आत कोणते नंबर आहेत, ते सांगा."

प्रत्येक चकतीवर नंबर ठोकलेला असायचा. मी रजिस्टरच्या ओळींवरून बोट फिरवत गेले. सात निघाले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

"चार स्टोअरमध्ये असतील. तीन जॅकमध्ये बसल्यात. ते जॅक उघडतो. तुमचा टेम्पो थांबवा. मी येतोय."

साडेचारला ते आले. तोवर मी जेवले नव्हते आणि कुणी मला जेवायला हाकही मारली नव्हती. सातही चकत्या त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यांनी त्या माझ्याकडूनच मोजून घेतल्या. पाच पातळ होत्या. जॅकमधून काढलेल्या तीनही त्यांतच होत्या.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आठवडाभर काम बंद, नंतर प्रत्येक चकती दोघांनी मोजायची, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मग मी कोंडीभाऊंना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांचा हात बरोबर होता, माझं माप चुकीचं होतं.

कोंडीभाऊ माझ्याकडे न बघता साहेबांकडे वळले. "सायेब, येवढा खटाटोप करून त्यातनं निघणार काय?"

"सगळ्यात बारीक कणांना वजन मुळात येतं कुठून, ते शोधायचंय."

"म्हंजी वजन किती ते म्हाईत हाय, पर का हाय ते ठाऊक न्हाई?"

"नाही."

"न्हाई व्हय," कोंडीभाऊ म्हणाले आणि ग्राइंडरकडे गेले.

काम पूर्ण झालं. पुढची ऑर्डरही मिळाली. तरी मी निश्चिंत झाले नाही. बुधवारच्या सात चकत्या सापडल्या, पण माझ्या रजिस्टरमधला एखादा आकडाच चुकीचा लिहिला गेला असेल तर? तो कुणाला सापडणार होता?

दोन हजार आठ साली बोगद्यातलं ते यंत्र सुरू झालं. टीव्हीवर हिंदी चॅनेलवाले पृथ्वी गिळणाऱ्या कृष्णविवराची चित्रं दाखवत होते. निरगुडसरला आमच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी पुरणाचा घाट घातला होता, जायचंच तर खाऊन जाऊ म्हणून. त्यांना पृथ्वीची काळजी होती. मला चकत्यांची.

पृथ्वी राहिली. मात्र दीड आठवड्याने पेपरात एक छोटी बातमी आली. बोगद्यात अपघात झाला होता, माणसं सुखरूप होती, पण काही चुंबक आधारावरून सरकले होते. 'आधारावरून' हा शब्द मी उभ्याउभ्या चारपाच वेळा वाचला. नाडकर्णी साहेब निवृत्त झाले होते. त्यांना फोन केला.

"कारण अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "कळलं की सांगतो." आपली चकती नसेल, असं ते म्हणाले नाहीत. त्यांचा तो स्वभावच नव्हता.

पुढचे काही आठवडे मी फोन वाजला की दचकायचे. शेवटी त्यांचा फोन आला. दोन चुंबकांमधल्या विजेच्या तारेचा एक जोड नीट बसला नव्हता. तो जळला, चुंबक गार ठेवणारा द्रव हेलियम वायू होऊन फुगला, बाहेर पडला आणि त्या धक्क्याने चुंबक सरकले. जॅकचा दोष नव्हता.

मी धावतच ग्राइंडरपाशी गेले. कोंडीभाऊंनी मशिन बंद करून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ते हसतील.

"मंग त्यो जोड ज्यानं तपासला व्हता," ते म्हणाले, "त्याला आता जेवण जात असंल का वो?"

माल गेटबाहेर गेला की इन्स्पेक्टरचं काम संपतं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तेवढं एक चुकीचं शिकवलं.