कुलपावरची गाठ

नोकरीतली बाकीची प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्या शेडचं कुलूप मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. पितळी कुलूप आणि त्याच्या कडीला बांधलेली हिरव्या लुगड्याची चिंधी.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक म्हणून नवीनच हजर झाले होते. तेव्हाची मी आज आठवली की मला हसू येतं. नाकापेक्षा मोठा गॉगल, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ चालणं, आणि बोलता बोलता कायद्याचे शब्द टाकायची भारी हौस. नात मला विचारते, "आजी, तुला चोर घाबरायचे का?" मी म्हणते, चोर कुठले गं, ठाण्यातला चहावाला तेवढा घाबरायचा.

दसरा जवळ आला होता. एक दिवस सकाळची हजेरी झाली आणि एक नवराबायको अर्ज घेऊन आले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची माणसं. तो ऊसतोडीचा मुकादम. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरून माणसं कारखान्याला न्यायची आणि उन्हाळ्यात परत आणायची, हे त्याचं काम. त्या वर्षी त्याने ठरवलं होतं की बस झालं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक बंद डाळ मिल होती. शेड, आत तूर भिजवायचा हौद, जुनी यंत्रं. ती त्याने एका दलालाकडून विकत घेतली. तांड्यावरची आणखी चार घरं त्याच्यासोबत होती. मिल सुरू होणार, आपण इथेच राहणार, म्हणून त्या चारही घरांनी कारखान्याची उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, नाकारली होती.

दलालाने स्टँप पेपरवर करारनामा केला, नोटरीचा शिक्का मारून आणला, ताबा पावती दिली आणि किल्ली हातात ठेवली. यांनी नारळ फोडला, दलालाचं कुलूप काढून आपलं लावलं. तांड्यावर जागेचा व्यवहार असाच होतो. किल्ली हातात आली, आपलं कुलूप लागलं, की जागा आपली. पुढे वीज जोडणी नावावर करायला गेले, तेव्हा कळलं की वसाहतीतली जमीन औद्योगिक विकास महामंडळाची असते, ती भाडेपट्ट्याने मिळते आणि महामंडळाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही. पट्टा भलत्याच माणसाच्या नावावर होता. तो परगावी. दलाल नुसता देखरेखीचा माणूस.

मी कागद वाचले. गॉगल कपाळावर सरकवला. म्हणाले, "करारनामा आहे, दोघांच्या सह्या आहेत. ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

"मॅडम, त्यानं दुसऱ्याची जागा मले इकली न," मुकादम म्हणाला. "हे चोरी नाई तं काय हाय?"

"चोरी नाही. दिवाणी," मी म्हणाले. तो शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

"पण कोर्टात किती दिस लागन? दसरा झाला का कारखान्याच्या गाड्या निघतेत."

मी अर्जावर शेरा मारला, 'दिवाणी स्वरूपाची बाब. अर्जदारास समज दिली.' खाली लफ्फेदार सही. उघड उघड चारशे वीस होतं, हे आज माझ्या नातीलाही कळेल. तेव्हा मला कळलं नाही असंही म्हणता येत नाही. गुन्हा दाखल केला की तपास आला, तपास आला की महिन्याच्या गोषवाऱ्यात एक प्रलंबित प्रकरण वाढलं. नव्या अधिकाऱ्याला कागद स्वच्छ हवा होता.

दुसऱ्या दिवशी बायको एकटीच आली. नवरा काल ठाण्यातून निघाला तो घरी आलाच नव्हता. तिला त्याने मानोऱ्याच्या जीपमध्ये बसवून दिलं होतं. फोन बंद. मी मिसिंग दाखल केली आणि जीप घेऊन स्वतः शेडवर गेले, तेवढी हुशारी दाखवली. शेडला बाहेरून कुलूप, कुलपाला चिंधी. दलालाला फोन लावला. तो म्हणाला, सौदा झाल्यापासून आमची भेटच नाही.

परत येऊन मी तिला सांगितलं, "बाई, तो कुलूप लावून गेलाय कुठंतरी. चार घरांना तोंड कसं दाखवणार? येईल दोन दिवसांनी."

ती बाकावरून उठली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली, ती सरळ माझ्या टेबलापर्यंत. बहुतेक बायका दारात थांबतात. ही थांबली नाही.

"मॅडम, म्या शेडवर जाऊन पाह्यलं. कुलूप आमचं हाय. चिंधी माह्या लुगड्याची हाय. गाठ आमची नाई."

"कसली गाठ?"

"आमी सा-सा महिने बाह्यर राह्यतो. जातानी कुलपाले चिंधी बांधतो. आल्यावर पाह्यतो, कोनी हात लावला का. माहा नवरा अन् मी, दोघंच ते गाठ मारतो. दोन फेरे अन् टोक वर. आता टोक खाली खुपसून हाय. ते कुलूप माह्या मानसानं नाई लावलं."

मी म्हणणार होते की घाईत मारली असेल. तेवढ्यात बाजूला बसलेले आमचे जमादार उठले. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेला माणूस, तोंडात कायम सुपारी. त्यांनी सुपारी थुंकली आणि म्हणाले, "चाला, मॅडम."

शेजारच्या कारखान्यातला एक कामगार आणि रस्त्यावरचा हॉटेलवाला, असे दोन पंच घेतले. कुलपासमोर उभी राहून मी चिंधीची गाठ सोडायला हात घातला. जमादारांनी चक्क माझं मनगट धरलं.

"सोडू नका. हे गाठच तं बोलन उद्या."

मी फोटो काढले. त्यांनी चिंधी दुसऱ्या बाजूने कापली, गाठ तशीच पाकिटात घालून सील केली, पंचांच्या सह्या घेतल्या. मग कुलूप तोडलं. दार अर्धंच उघडलं आणि हॉटेलवाला नाकाला रुमाल लावून मागे सरला.

हौदात बारदानं टाकलेली होती. बारदानांखाली तो होता. डोकं मागच्या बाजूने फुटलेलं. हौदाच्या काठावर रक्त वाळून काळं झालं होतं. बायकोला मी बाहेर थांबवलं होतं. ती ओरडली नाही. "हौदात हाय का?" एवढंच तिने विचारलं. मी मान हलवली. ती तिथेच, वसाहतीच्या रस्त्यावर, मातीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याले बाह्यर काढा. लय पानी हाय का त्यात?" पाणी नव्हतं. मी तसं सांगितलं. तिला त्यातल्या त्यात बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि ते पाहणं मला हौदापेक्षा जड गेलं.

दलालाला त्याच संध्याकाळी आणला. पांढरे कपडे, हात जोडलेले, दर पाच मिनिटांनी चहाची मागणी. मी ओरडले. टेबलावर मूठ आपटली; दुखली माझीच. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी तं त्याले महिनाभरात पाह्यलं नाई."

जमादारांनी त्याची अंगझडती घेतली. घड्याळ, कंगवा, गळ्यातली साखळी. सगळं त्याच्याच रुमालावर ठेवलं आणि रुमाल त्याच्यापुढे सरकवला.

"बांध बापा, तुह्याच हातानं. मांगून म्हनशीन, पोलिसाईनं घड्याळ खाल्लं."

त्याने झटकन बांधलं. पीळ दिला, आवळलं, टोक खाली खुपसलं. पोत्याचं तोंड बांधतात तसं. दलाली सुरू करण्याआधी तो धान्याच्या आडतीवर हमाल होता, हे आम्हाला मागाहून कळलं. जमादारांनी माझ्या कॅमेऱ्यातला फोटो उघडून त्या रुमालाशेजारी ठेवला. तो फोटोकडे पाहत राहिला. नंतर त्याने चहा मागितला नाही.

नुसत्या गाठीवर कोणाला शिक्षा होत नाही. पण तो तिथे मोडला. मयताच्या खिशातली किल्ली त्याने वसाहतीमागच्या नाल्याकाठी फेकली होती. पंचांसमक्ष त्यानेच ती काढून दिली. त्याच्या शर्टावरचं रक्तही मयताच्या रक्ताशी जुळलं. चिंधी पुन्हा का बांधली, असं मी विचारलं. म्हणाला, "त्याच्या बायकोनं पाह्यली असती तं तिले वाटलं असतं, नवराच कुलूप लावून गेला." तिला तसं वाटलं नाही. मला वाटलं.

मग मी विचारलं, भांडण कशावरून झालं? त्याचं उत्तर मी जबाबात शब्दशः लिहिलं, कारण न लिहिणं मला जमलं नाही.

"त्यानं मले शेडवर बोलावलं. म्हने, पट्टा नावावर करून दे नाई तं पोलिसात जातो. म्या म्हटलं, जाय. तं तो म्हने, जाऊन आलो, मॅडम म्हने कोर्टात जाय. मले हासू आलं. म्या हासलो, तं त्यानं माही गचांडी धरली. म्या ढकलला."

पहिल्या ढकलण्याने तो मेला नव्हता, हे शवविच्छेदनात दिसलं. डोक्यावर घाव तीन होते. दलालाला जन्मठेप झाली.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर तांड्यावरून ट्रक निघाले. ती चारही घरं गेली, आणि तीही गेली. जाण्याआधी ठाण्यात आली, साक्षीला कुठे बोलवायचं तो पत्ता लिहून द्यायला. निघताना म्हणाली, "मॅडम, तवा तुमी अर्ज ठेवून घेतला असता, तं तो इथंच बाकावर बसून राह्यला असता. मोठा चिवट होता." आवाजात राग नव्हता. मी उभी राहिले, आणि नेमका तेव्हाच डोळ्यांवर गॉगल नव्हता.

पुढे खटल्यात बचावाच्या वकिलाने माझा तो शेरा भर कोर्टात वाचून दाखवला. सही माझीच आहे का, असं विचारलं. मी हो म्हणाले. तशी लफ्फेदार सही मी नंतर कधी केली नाही.

नव्या पोरापोरींना मी या प्रकरणावरून एकच गोष्ट शिकवली. अर्ज घ्या किंवा न घ्या, त्याची कलमं तुम्हाला वरिष्ठ शिकवतील. पण समोरचा माणूस उठायला लागला की त्याला विचारा, "इथून आता कुठे जाता?" त्याला लागतं अर्धं मिनिट. घरी, वकिलाकडे, बहिणीकडे, काही तरी सांगतातच. जिथे उत्तर खटकेल, तिथे सोबत शिपाई द्या.

त्या दिवशी मी विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं. तो लपवणारा माणूस नव्हता. बायकोला जीपमध्ये बसवून तो पायी निघाला होता, आणि शेड ठाण्यापासून फार लांब नव्हती.