सर्जेरावांच्या गाडीचा पट्टा

मंगल मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिचे फक्त पाय दिसले. कापूरहोळच्या फाट्यावर एका गाडीचं दार उघडं होतं. पाय बाहेर आणि आत सीटजवळून आवाज, “अक्षता नवरानवरीच्या डोक्यावर टाकायच्या असत्यात, पट्ट्याच्या बकलात न्हाई.” मग ती बाहेर आली. सुईच्या टोकावर तांदळाचा दाणा होता. तो तिने गाडीवाल्याच्या तळहातावर ठेवला.

ही उत्रोलीची. लग्नानंतर नवऱ्याच्या सीटकव्हरच्या दुकानात बसू लागली. पुढे नवरा टेम्पोवर गेला आणि दुकान तिच्याकडे आलं. भंगारातल्या गाड्यांचे सीटबेल्टचे पट्टे उघडून ती हे काम शिकली. तिचा आवाज सदा चढलेला असतो, हात मात्र कधी घाई करत नाहीत. फाटलेला पट्टा ती शिवून देत नाही, नवाच घालते. पट्टा न लावता गाडीची टुकटुक बंद करायला कुणी नुसती क्लिप मागितली, तर त्याला चहा पाजून परत पाठवते.

सर्जेराव आमच्या वेल्ह्याच्या वाडीतले. त्यांची गाडी भाड्याने चालते. वेल्ह्याच्या स्टँडवर त्यांचा शब्द चालतो आणि मंगलकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या त्या स्टँडवरच्याच. गेल्या वर्षी त्यांच्या गाडीचा पट्टा अडू लागला. मी डोळे दाखवायला त्यांच्याच गाडीने पुण्याला जाते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

पहिल्यांदा मंगलने पट्टा गुंडाळून घेणारी चरखी साफ केली. दुसऱ्यांदा चरखीच नवी घातली. तिसऱ्यांदा सर्जेराव आले ते बोलतच आले.

“घरून निघताना ओढला की दगड. हलत न्हाई.”

मंगलने पट्टा ओढला. सरसर आला. “हे बगा, लोण्यावानी येतोय.”

“हितं येतोय. घरी येत न्हाई.”

“घरी काय त्याला माझी आठवन येती व्हय?”

“नाचता येईना अंगण वाकडं, तसलं नगा सांगू, मंगलताई. पुन्हा अडला तर म्या कापून टाकनार. आन् स्टँडवर सांगनार, मंगलकडं जाऊ नगा.”

ते चहाला गेल्यावर ती मला म्हणाली, “बाई, तुमीच सांगा. जो रोग हितं दिसतच न्हाई, त्याला औषध काय द्यायचं?” पट्टा अडताना मीही पाहिला होता आणि सुटताना आत्ता पाहत होते.

पट्टा घरी पुन्हा अडला; सर्जेरावांनी तो कापला नाही, पण स्टँडवर सांगितलं. त्या महिन्यात वेल्ह्याच्या दोनच गाड्या तिच्याकडे आल्या. तिसऱ्या आठवड्यात दुकान बंद ठेवून, पिशवीत नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन ती सकाळच्या एसटीने आमच्या वाडीत उतरली.

सर्जेरावांचं घर टेकाडावर आहे. अंगण चांगलंच उतरतं. गाडी तोंड वर करून उभी असते आणि मागच्या चाकाला मोठा दगड लावलेला असतो. आम्हा वाडीतल्यांना त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. मंगलने पट्टा ओढला. दगड. पुन्हा ओढला. दगड.

“आता बोला,” सर्जेराव म्हणाले.

चरखी खोलून तिने हातात सरळ धरली आणि पट्टा ओढला. सरसर आला. मग चरखी कलती केली. अडला. सरळ केली, सुटला. चाकाखालच्या दगडाकडे बघत ती पायरीवर बसली.

“ह्याच्यात एक गोळी असती, बाई. गाडी कलली की गोळी सरकती आन् पट्टा धरती. मानूस वाचवायलाच ठेवलीय.” तिने कपाळाला हात लावला. “चांगली चरखी काढली म्या. तीनदा गाडी आली, आन् म्या एकदाबी विचारलं न्हाई, गाडी उभी कुठं असती म्हून.”

“मग पट्टा चांगला?” सर्जेरावांनी विचारलं.

“पट्टा चांगला हाय. गाडी खालच्या रस्त्यावर घ्या आन् मग लावा.”

“आन् अंगणातच लावायचा असला तर?”

“मग अंगण सपाट करा.”

सर्जेरावांनी अंगण सपाट केलं नाही. पण स्टँडवर ते आता सगळ्यांना गोळीची गोष्ट सांगतात, जणू ती त्यांनीच शोधली.

मंगलच्या दुकानापुढे हल्ली मुरमाचा एक उतार आहे. वेल्ह्याची गाडी आली की ती आधी तिथे चढवायला सांगते.