खिशातले हात

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात ऑरिन टॉलेफसनचं टायरचं दुकान होतं. हात थरथर कापायला लागले तसं त्यानं ते बंद केलं आणि हात जॅकेटच्या खिशात घातले. भर ऑगस्टमध्येही जॅकेट. सगळ्यांना दिसत होतं, विचारलं कुणीच नाही. असल्या बाबतीत आमचं गाव मिठाची गुळणी धरून बसतं, आणि मी शेजारीण असून त्यातलीच.

त्याची बायको मार्लिस शाळेची बस चालवते. साठीला टेकल्यावर तिनं लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग उरल्यासुरल्या जिवानं पळायचं. कुठल्याही टप्प्याला वेळ चुकली की सरळ घरी. हिवाळाभर गॅरेजमध्ये ऑरिन तोंडानं सांगे आणि ती हातानं पंक्चर काढी. "त्याला काहीतरी काम हवं होतं गं," ती मला म्हणाली होती.

शर्यतीत चढावर, आम्ही गावकरी स्पर्धकांना पाणी देत होतो त्या टेबलासमोरच, तिचं टायर बसलं. सायकलची वेळ संपत आली होती. ऑरिन सवयीनं पुढे झाला.

"बाहेरच्या कुणी हात लावला तर बाई बाद," मोटरसायकलवरचा पंच म्हणाला.

चुकून हात जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनीच हात खिशात घातले. कितीतरी दिवसांनी ऑरिन चारचौघांसारखा उभा होता. त्या नियमाचे मी मनोमन आभार मानले.

"टायर काढतेयस की गोंजारतेयस?" ऑरिन खेकसला.

"जसा गुरू तसा चेला. गप उभा राहा."

नवी ट्यूब घालता घालता ती थांबली. टायरच्या आतून बोट फिरवलं आणि तारेचा बारीक तुकडा उपसून काढला. तो तसाच राहता तर पुढच्या वळणावर पुन्हा हवा गेली असती. ऑरिन मक्याच्या शेताकडे बघत राहिला.

सायकलचा टप्पा बंद करायला पंच दोरी आडवी लावत असतानाच ती सायकल घेऊन आत घुसली. आणि संध्याकाळी, जवळजवळ शेवटची, पण वेळेत, पळत पोचली.

पोचली ती फुटपाथवरच बसली. "ऑरिन, बुटाची लेस सोड. मला वाकवत नाही."

आता नियम संपला होता. ऑरिननं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात बाहेर काढले. ते खूप कापत होते. गाठ हातातून निसटत होती. आमच्यातल्या कुणीही नजर वळवली नाही.

"वेळ लागेल," तो म्हणाला.

"लागू दे," मार्लिस म्हणाली. "बरं वाटतंय."