ह्या बोटीत तू कुठं हायेस?

समुद्रावर नोकरी करणारा माणूस सुट्टीत घरी आला की त्याच्याकडे दोनच गोष्टी असतात, मळलेल्या कपड्यांची बॅग आणि किस्से. कपडे पहिल्याच दिवशी धुऊन होतात. किस्से मात्र साचत राहतात, कारण तिकडे सांगावेत तर सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले, आणि इकडे अंबडकडे सांगावेत तर कोणी समुद्रच पाहिलेला नाही! आमच्याकडे भरपूर पाणी बघायचं म्हणजे पावसाळ्यात शहागडच्या पुलावर गाडी उभी करून गोदावरी बघायची. तेवढ्यावरून अरबी समुद्र कसा समजावून सांगायचा?

तरी सांगतो. मी तेल काढायच्या प्लॅटफॉर्मवर रेडिओ ऑपरेटर आहे. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्राच्या तळात पाय रोवून उभी केलेली लोखंडी इमारत. चारी बाजूंना पाणी, किनारा दिसायची सोय नाही. दोन आठवडे तिथे, दोन आठवडे घरी, जायला-यायला हेलिकॉप्टर. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांशी रेडिओवर बोलणं हे माझं काम आणि त्यांचे फोटो काढणं हा छंद. तोही साध्यासुध्या दिवशी नाही. दर्या खवळला की माझे हात शिवशिवतात!

*

पहिल्या पावसाळ्यातला पहिला फोटो. वारा असा की दार ढकलायला दोघं लागत होते. समोर आमचं सामान घेऊन आलेलं जहाज, त्याचं नाक लाटेत बुडत होतं नि वर येत होतं. मी जीव मुठीत धरून फोटो काढला आणि अंबडच्या संजूला पाठवला. संजू माझा शाळेपासूनचा मित्र, कोर्टासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याचा लगेच फोन आला.

"अबे, वादळ कुठंय? ही बोट तर तळ्यात निवांत उभी हाये!"

पुन्हा फोटो पाहिला, तर खरंच! समुद्र सपाट, जहाज गप्प. मी चक्रावलो. आमचा क्रेन ऑपरेटर मॅथ्यू, मूळचा केरळचा, शेजारी उभा होता. तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "फोटो में समंदर हमेशा झूठ बोलता है. जहाज का लाल रंग दिखे, तब बटन दबाना."

जहाजाचं पोट, म्हणजे पाण्याखाली राहणारा भाग, लाल रंगवलेलं असतं. एरवी ते कोणाला दिसत नाही. लाटेनं जहाजाचं नाक पार वर उचललं तरच दिसतं, आणि तेही पापणी लवेपर्यंत. त्या दिवसापासून मला त्या लाल रंगाचं वेड लागलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. एकदा लाल किनार सापडली, तीही तुषारांत अर्धी झाकलेली. पूर्ण लाल पोट काही हाती लागेना.

*

प्लॅटफॉर्मवर गॅस असतो, त्यामुळे कॅमेरा उघड्यावर न्यायचा तर परमिट लागतं. परमिट देणार सेफ्टीवाले दीक्षित साहेब. माणूस देवभोळा, पण देवालाही हेल्मेट घालायला लावील असा!

एकदा भर वादळात मी धावत त्यांच्याकडे गेलो. समोर जहाज असं काही उसळत होतं की आज लाल पोट दिसणार याची मला खात्री होती.

"कामाचं स्वरूप?" साहेबांनी विचारलं.

"जहाजाचा फोटो."

"हे काम पुढे ढकलता येईल का?"

"साहेब, लाट कशी पुढे ढकलू?"

साहेबांनी शांतपणे सगळं वाचलं, माझे बूट तपासले, कॅमेऱ्याचा पट्टा ओढून पाहिला, गॅस मोजायला माणूस पाठवला. सही झाली आणि मी बाहेर आलो, तर वारा पडलेला. ढगांतून ऊन आलं होतं आणि जहाज देवळातल्या समईसारखं स्थिर! मागून साहेब आले, समुद्राकडे बघून त्यांनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "बघा, आता किती सेफ आहे!"

*

आमचं सामान आणणाऱ्या जहाजाचे कॅप्टन सावंत, रत्नागिरीकडचे. वर्षानुवर्षं आम्ही रोज बोलतो, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. समोरासमोर भेटलो तर त्यांनी तोंड उघडेपर्यंत ओळखणार नाही. आवाज मात्र असा की शेजारी बसून सुपारी कातरतोय असं वाटावं. ते मला "रेडिओ" म्हणतात, माझं खरं नाव त्यांना आठवत असेल असं वाटत नाही.

एकदा त्यांचं जहाज इतकं कलत होतं की मीच घाबरलो. रेडिओवर विचारलं, "कॅप्टन, सगळं ठीक?"

पलीकडून भांडी पडल्याचा आवाज आला, मग कोणाच्या तरी ओरडण्याचा, आणि मग कॅप्टनचा निवांत आवाज. "रेडिओ, फोटो काढतोयस ना?"

"काढतोय."

"डावीकडून काढू नकोस हां. त्या बाजूचा रंग गेलाय!"

अशा दिवशी काम बंदच असतं, म्हणून गप्पा होतात. मी त्यांना आमच्या कपाशीचं सांगतो, ते मला त्यांच्या आंब्यांचं. दोघंही घरापासून लांब, आणि दोघांनाही ठाऊक की समोरचा काही मोहर बघायला घरी जाऊ शकत नाही. अशा वेळी माणूस नको तेवढा खरा बोलतो. मी एकदा बोलून गेलो, "कॅप्टन, मी सगळ्यांचे फोटो काढतो, माझा काढणारं कोणी नाही." ते हसले आणि रेडिओ ठेवून दिला. ते का बोललो, ते पुढे येईलच.

*

त्याआधी पोळ्याचं सांगतो. पोळ्याला मी घरी असणारच होतो, पण हवा बिघडली आणि हेलिकॉप्टर आलंच नाही. बॅग भरून, बूट घालून आम्ही रोज सकाळी बसायचो आणि रोज दुपारी बूट काढायचो. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलांच्या शिंगांना रंग देत असणार. तो ब्रश दरवर्षी माझ्या हातात असतो. त्या दिवशी मला गावाची इतकी आठवण आली की जेवण गेलं नाही.

विदर्भातला एक वेल्डर होता, त्याचीही तीच गत. आम्ही किचनमधून कणीक मागून घेतली, बैलजोडी केली, हळदीकुंकू म्हणून हळद आणि तिखट लावलं, डाळीच्या डब्यातला गूळ नैवेद्याला ठेवला. पूजा केली आणि बैल ट्रेमध्ये ठेवून झोपायला गेलो.

सकाळी नाश्त्याला गेलो तर आमचे बैल टेबलावर. भाजलेले! बंगाली बेकरला वाटलं, कोणी तरी नवीन बिस्किटं करून ठेवलीत, म्हणून त्यानं इमानदारीनं ओव्हनमध्ये घातली होती. आम्ही दोघं हात जोडावेत की कपाळाला लावावेत या विचारात, तेवढ्यात मॅथ्यूनं एक बैल उचलून खाल्लासुद्धा.

"थोडा तीखा है," तो म्हणाला. "लेकिन सींग एकदम फर्स्ट क्लास!"

घरी फोन लागला तेव्हा अण्णांना हे सांगितलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "पोळ्याच्या बैलाला खाल्लं? गावात बोलू नको कोनापाशी, बिलकुल!" मी हसलो, आणि मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला तसा फोन कानाशी घट्ट धरला.

*

आता माझ्या मायचं. माय म्हणजे आई. तिला मी प्रत्येक फोटो दाखवतो आणि प्रत्येक वेळी ती एकच विचारते, "ह्या बोटीत तू कुठं हायेस?"

"माय, मी फोटो काढून राह्यलो. मी कसा दिसन?"

"मंग मला काय करायची ती बोट!"

अण्णांनी मात्र माझा सगळ्यात भारी फोटो, तो लाल किनारीवाला, फ्रेम करून ओसरीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला काठीनं दाखवायचे, "आमचा पोरगा असल्या पान्यात ऱ्हातो!" मला केवढा अभिमान!

पुढच्या सुट्टीत पाहिलं तर माय फोटोकडे पाठ करून जेवायला बसलेली. बाज फिरवलेली. मी विचारलं, "अशी का गं बसतीस?"

"त्या बोटीकडं बघवना," ती म्हणाली. "कव्हाचीच कलून राह्यली, पडंना बी अन् सरळ बी व्हईना. अन् तू तिच्यात."

"मी बोटीत नसतोच माय! मी दुसरीकडं असतो, पक्क्या जागेवर."

"मंग दाखव की."

इथेच खरी पंचाईत होती. ज्या प्लॅटफॉर्मवर आपण उभे असतो त्याचा अख्खा फोटो काढायचा कसा? हेलिकॉप्टरमध्ये फोन बंद करून बॅगेत टाकावे लागतात. रेडिओ रूममधला सेल्फी दाखवला तर माय म्हणाली, "हे तर तहसील आफिस दिसून राह्यलं." नुसत्या कठड्याचा दाखवला तर म्हणाली, "अन् ह्याच्या खाली काय हाये?" मी खाली काय आहे ते सांगितलं, हातानं करून दाखवलं, तांब्या उपडा घालून त्यावर ताट ठेवलं. तिचं समाधान झालं नाही. सुट्टी संपून निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली, पण माझ्याकडे बघेना. हेलिकॉप्टर मला समुद्रात नेतं, पण मायच्या लेखी मी दरवेळी त्या कललेल्या बोटीत चढत होतो, आणि ती बोट माझ्याच हातची होती.

*

आणि आता गेल्या पावसाळ्यातलं. असं वादळ मी पाहिलं नव्हतं. हेलिकॉप्टर बंद, इंटरनेटची डिश हललेली, फोन मेलेले. घरी काही कळवायची सोय नाही. टीव्हीवर समुद्राच्या बातम्या चालू असणार आणि माय त्या फोटोकडे पाठ करून बसलेली असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुपारी रेडिओ खरखरला. कॅप्टन सावंत. "रेडिओ, हवा फार झालीय, आम्ही बंदरात चाललोय. घरी काही निरोप?"

मी म्हटलं, "सांगा, पक्क्या जागेवर आहे."

"कोणाला सांगू?"

मग मी मायचं सगळं सांगितलं. ती भिंत, ती बाज, तो तांब्या आणि ताट. उघड्या रेडिओवर, आजूबाजूची सगळी जहाजं ऐकत असताना! मग कॅप्टन म्हणाले, "तुझ्या बायकोचा नंबर दे. आणि बाहेर ये, कठड्याला. मी फोन घेऊन उभा आहे."

दीक्षित साहेब माझ्या मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या कमरेला सेफ्टी बेल्ट आवळला आणि म्हणाले, "कॅमेऱ्याचं परमिट नाही. माणसाचं देतो. दोन मिनिटं."

बाहेर आलो. पाऊस तोंडावर मारत होता. खांद्याला लावलेल्या वॉकीटॉकीतून कॅप्टनचा आवाज, "दिसत नाहीस रे! हात वर कर. दोन्ही!"

मी दोन्ही हात वर केले. आणि त्याच वेळी लाटेनं त्यांच्या जहाजाचं नाक उचललं. वर, अजून वर, आणि अख्खं लाल पोट माझ्यासमोर! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते, माझ्यापुढे, आणि कॅमेरा आत खुर्चीवर! मी हात खाली घेतले नाहीत. कॅप्टन ओरडत होते, "तसाच राहा! हलू नकोस!"

जहाज पावसात दिसेनासं झालं. बऱ्याच दिवसांनी वारा पडला, डिश सरळ झाली आणि पहिला फोन मी घरी लावला. बायकोनं, सुनीतानं, उचलला. म्हणाली, "फोटू कव्हाच आला! अण्णांनी घनसावंगीहून फ्रेम करून आनली. बोटीची काढली, तुमची लावली." फोटो तिरका होता म्हणे, धुरकट होता, पांढऱ्या पाण्यात चार पायांवर उभं काहीतरी आणि त्याच्या कडेला आमच्या कामाच्या नारिंगी डांगरीतला एक ठिपका, वर दोन काड्या.

"माय कुठंय?"

"त्याच्यासमोरच बसल्यात. बाज फिरवून घेतली त्यांनी. देऊ का?"

फोन मायच्या हातात गेला. मी म्हटलं, "माय, दिसलो का?"

"दिसलास," ती म्हणाली. "आता हात खाली कर बाबा. किती दिसाचा वर धरलास, दुखत असन."

मी म्हटलं, "केला गं माय. आत्ताच केला."