न्हावी रजेवर नव्हता

"नोकरीला कुठे होतात?" असं कोणी विचारलं की धाकूनाना छाती पुढे काढून सांगायचे, "ठाण्याला. वेड्यांच्या इस्पितळात. पद न्हावी." ऐकणारा आधी हसायचा, मग नानांच्या हातांकडे बघायचा आणि मग हमखास विचारायचा, "वस्तरा घेऊन त्या लोकांत जायचात? भीती नाही वाटायची?"

"वाटायची की," नाना म्हणायचे. "पण तिथे नाही. रविवारी घरी एक बँकेतले साहेब दाढीला यायचे. वस्तरा गळ्यावर असताना पेपरात काही वाचलं की 'हॅट्' करून मान उडवायचे. त्या एका माणसाची भीती. वॉर्डातले चाळीस जण मान कशी शहाण्यासारखी धरायचे!"

एकतीस वर्षं त्यांनी ते काम केलं. मंगळवारी दाढ्या, महिन्यातून दोनदा केस. तिथे एक मास्तर होते. त्यांना भांग डावीकडूनच लागायचा आणि रेघ सरळ आली का ते आरशात तीनदा बघायचे. नानांची आई गेली तेव्हा चिपळूणकडच्या गावी बारावं उरकून ते कामावर परतले. त्या दिवशी मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं आणि वस्तरा अलगद खाली ठेवायला लावला. "धाकू, हात थरथरतोय तुझा. माझी दाढी उद्या. आधी चहा पी." इतकं सांगून झालं की नाना विचारायचे, "आता सांगा, त्या दिवशी आजारी कोण होतं?"

निवृत्त झाल्यावर नानांना वाचनाचा नाद लागला. मुलाच्या डोंबिवलीतल्या सलूनमधले जुने दिवाळी अंक गोणीत भरून ते ठाण्याला वर्तकनगरच्या घरी घेऊन येत. गोष्टीत वेडा आला की त्याचे केस पिंजारलेले, दाढी छातीपर्यंत, डोळे लालभडक आणि हसणं खदाखदा. नाना अंक मिटून बायकोला हाक मारत, "गंगू, हे बघ, ह्यानेसुद्धा न्हाव्याला रजेवर पाठवलंय!"

"अहो, तुम्हाला त्या बिचाऱ्यापेक्षा त्याच्या दाढीचंच पडलंय."

"दाढीचं नाही गं. ह्यांना माणूस ओळखू यायला नकोय. म्हणून केस वाढवतात. ओळखू आला तर तो शेजारचा निघेल ना!"

एवढं सगळं खरं, पण नानांच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. गावच्या नाटकांत तोंडं रंगवत मोठा झालेला माणूस तो. ठाण्यातही हौशी मंडळी रंगभूषेला त्यांनाच बोलवायची. ट्रंकेत राजाच्या मिशा होत्या, ऋषीच्या जटा होत्या आणि तळाशी वेड्याचा टोप होता. तागाच्या तंतूंना काळा रंग देऊन नानांनी तो स्वतः बनवलेला. कल्याणपासून खोपटपर्यंत वीस वर्षं तो टोप नाटकं गाजवत फिरला होता. कोणी मागायला आलं की नाना तो झटकून देत. कधी मनात आलं नाही, की अंकातल्या लेखकावर आपण ओरडतो आणि त्याचंच काम आपण हाताने करतो.

ते मनात आणून दिलं नातीने. सान्वी एकोणीस वर्षांची, आईबाप डोंबिवलीला, पण कॉलेज ठाण्यात म्हणून आजीआजोबांकडे राहणारी. चार महिन्यांपासून वर्गाच्या दारात गेली की तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. ती जिन्यात बसून राहायची आणि घरी येऊन "लेक्चर झालं" म्हणायची. शेवटी कॉलेजातल्या बाईंनी नानांच्याच इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं, सोमवारची वेळही घेतली. पण सान्वी हटून बसली.

"मी नाही जाणार. ठाण्यात राहून तुम्ही मला ठाण्याला पाठवणार? मुली काय म्हणतील?"

"अगं बाय, मी एकतीस वर्षं रोज जात होतो."

"तुम्ही केस कापायला जायचात, नाना. मी कशाला जाणार?"

त्याच आठवड्यात वसाहतीच्या माघी गणपतीत एकांकिका होती. लिहिली आणि बसवली होती समोरच्या इमारतीतल्या ऋतुराजने. घरात एक वेडा काका, मुलीला बघायला पाहुणे आलेले, काकाला लपवायची धावपळ. काका करणार होता जगन, खोपट डेपोतला कंडक्टर. विंगेत संहिता घेऊन सान्वी प्रॉम्प्टर. तालमीत जगन टोप हलवत खदाखदा हसला की पोरं टाळ्या पिटायची आणि सान्वीचं तोंड उतरायचं. शनिवारच्या तालमीनंतर तिने विचारलं, "नाना, तिथे गेलं की माणूस शेवटी असाच होतो ना?"

"छे! मी सांगतोय ना."

"तुम्ही एकटेच सांगता. पुस्तकांत असंच, नाटकात असंच. आणि तो टोप? तुम्हीच बनवलाय ना?"

बोलण्यात हार न जाणारा माणूस तो. पण जेवताना नुसताच भात चिवडत बसला, तेव्हा गंगुबाईंनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी संध्याकाळी पाचला नाटक. चारला वसाहतीच्या ऑफिसात नाना रंगाची पेटी आणि खाटेखालची ट्रंक मांडून बसले. जगन खुर्चीत बसला तशी नानांनी कात्री काढली.

"नाना, टोपाखाली केस कशाला कापता?"

"टोप नाही घालायचा."

ऋतुराज धावत आला. "नाना, मस्करी नको. प्रेक्षकांना कळायला नको का, हा वेडा आहे ते?"

"तुला कळतं का रे? तुझ्या जिन्यावरून रोज किती जण गोळ्या घेऊन उतरतात, माहितेय? मी वॉर्डात भांग पाडलेले दोघे तुझ्याच इमारतीत राहतात. एकाने तुझ्या मुंजीत वाढप केलंय."

"कोण?"

"नाही सांगणार. तू त्याला टोप घालशील."

"नाना, पाया पडतो. हे नाटक आहे! शेवटची पंधरा मिनिटं त्या हसण्यावर उभी आहेत!" असं म्हणून ऋतुराजने ट्रंकेतून टोप उचलला. नानांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, डाव्या मुठीवर चढवला आणि सगळ्यांदेखत कचाकच कापायला लागले. वीस वर्षांच्या जटा फरशीवर पडल्या. उरलेल्या तंतूंवर नानांनी पाण्याचा हात फिरवून फणीने भांग पाडला. डावीकडून. मग टोप ऋतुराजपुढे धरला. "घे. आता घाल."

जगन हसता हसता खुर्चीतून पडायचा बाकी होता. पण नानांनी हनुवटीला बोट लावताच त्याने मान वर केली. दारात सान्वी संहिता छातीशी धरून उभी होती.

पडदा उघडला. काकाची वेळ झाली आणि इस्त्रीच्या शर्टातला, गुळगुळीत दाढीचा, तेल लावून सरळ भांग पाडलेला जगन आत आला. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हाच का गं बघायला आलेला मुलगा?"

जगनने वाक्य टाकलं, "दार लावलंस का गं?" पुन्हा एकदा, "दार लावलंस का?" आता हसायचं होतं. त्याने डोकं हलवलं, पण टोप नव्हता आणि टोपाशिवाय ते हसू येईना. सगळं डोक्यातून पुसलं गेलं. त्याने विंगेकडे पाहिलं.

सान्वीच्या हातात कागद होता. कागदावर लिहिलं होतं, खदाखदा हसतो. शेजारी रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या नानांनी पाहिलं, पोरीने कागद मिटला. मग तिचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मला भीती वाटते."

जगन कंडक्टर माणूस, आवाज खणखणीत. "मला भीती वाटते!"

"दारापाशी आलं की छाती धडधडते. आतले सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं."

जगनने तेही म्हटलं, पण आता आवाज आपोआप खाली आला होता.

"मी कोणाला चावत नाही. मी रोज केस विंचरते."

"मी कोणाला चावत नाही," जगन म्हणाला. "मी रोज केस विंचरते."

त्या 'विंचरते'वर मागे एक पोरगा फिस्सकन हसला. त्याला कोणाची साथ मिळाली नाही. गणपतीपुढच्या पंख्याची घरघर मागच्या रांगेपर्यंत ऐकू येऊ लागली. पलीकडच्या विंगेत ऋतुराज डोकं धरून उभा होता. त्याचे हात हळूहळू खाली आले आणि त्यानेच खूण केली, चालू दे.

सोमवारी सकाळी सान्वी नानांपुढे पाटावर येऊन बसली. "नाना, भांग पाडा. सरळ आला पाहिजे."

"आरसा तीनदा बघणार का?"

"चारदा."

दोघं खाली उतरले. फाटकाशी कालच्या पहिल्या रांगेतली बाई भाजी घेत होती. "काय गं सान्वी, सकाळी सकाळी आजोबांना घेऊन कुठे?"

सान्वी थांबली. हात गार पडले होते, ते नानांच्या मुठीला कळत होतं. पण आवाज तिने जगनकडून उचललेला दिसला.

"ठाण्याला!"

"अगं, ठाण्यातच तर आहोत आपण!"

"तेच म्हणते मी, काकू," सान्वी म्हणाली आणि नानांच्या पुढे चालू लागली.