शेवाळासाठी दिवा

घरात शेवाळ धरलं की लोक घासणी घेऊन ते काढायला बसतात. मी मात्र ते उगवावं म्हणून वर्षभर दिवे बदलत बसलो होतो, आणि तेही जालन्यात. जिथे नळाला पाणी आलं की गल्लीत हाका सुरू होतात आणि लोक हातातला घास टाकून हंड्याकडे धावतात, तिथे मी चांगल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवून ते काचेच्या टाकीत भरत होतो. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, हे पाणी आता कुणाच्याच कामाचं राहिलं नाही."

कामाचं होतं ते दोन माशांच्या. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. बँकेच्या ट्रेनिंगला मुंबईला गेलो आणि एका दुकानाच्या काचेत ती केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी दिसली. ट्रेनिंगमधलं एक अक्षर डोक्यात राहिलं नाही, मासे तेवढे राहिले. पुढच्या खेपेला मी ते घेऊनच आलो. पाण्याने फुगवलेली पिशवी रेल्वेत मांडीवर धरून बसलो होतो आणि समोरचे लोक मला चक्रम समजत होते.

समुद्राच्या माशांचं दुखणं असं, की त्यांची घाण पाण्यातच विरघळते, तिचा अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. दुकानदाराचा सल्ला होता, पाणी बदलत राहा. जालन्याच्या माणसाला पाणी बदलत राहा म्हणणं म्हणजे चेष्टाच. म्हणून दुसरा उपाय केला. मोठ्या टाकीशेजारी एक छोटी टाकी ठेवायची, तिच्यात समुद्रातलं शेवाळ लावायचं आणि पंपाने पाणी दोन्हीकडे फिरवत ठेवायचं. माशांची घाण हेच शेवाळाचं खत. शेवाळ ती खातं, वाढतं आणि पाणी स्वच्छ राहतं. त्या छोट्या टाकीला रेफ्युजियम म्हणतात. दादा तिला वाफा म्हणायचे.

दादा म्हणजे माझे वडील. आष्टीला जन्मभर शेती केली. गुडघे गेले तेव्हा जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आले. शहरात त्यांना काही काम नव्हतं. अंगणातल्या एका लिंबाला ते दिवसातून चारदा पाहून यायचे. त्या लिंबासाठी त्यांनी आष्टीहून पिशवीभर युरियाही आणून ठेवला होता. वाफ्याचं प्रकरण मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "म्हंजी माशांचा चारा." मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

लहानपणी आष्टीच्या मळ्यात दादांनी आम्हा दोघा भावांना मेथीचा एकेक वाफा दिला होता. भावाची मेथी तरारून आली, माझी जळाली. तेव्हा चारचौघांसमोर ते म्हणाले होते, "ह्याच्या हाताला गुण न्हाई." भावाला शेती मिळाली, मला पुस्तकं. तक्रार नाही, पुस्तकांनीच बँकेत नेलं. पण ते वाक्य काही माझ्या मनातून गेलं नव्हतं. आता दादा रोज खुर्ची ओढून माझ्या टाकीसमोर बसायचे, आणि माझं शेवाळ त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं पडत होतं.

त्याला उजेड हवा होता. पण कसला, ते कुणी सांगेना. आधी साधी ट्यूबलाइट लावली. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ती पेटायचीच नाही. दोन्ही टोकांना लाल व्हायची, फडफडायची आणि गप्प बसायची. मी स्टूलवर चढून स्टार्टर फिरवत राहायचो. दादा म्हणाले, "आरे, काय करून राह्यला तू? ऊन दे त्याला. बिना उन्हाचं काही उगवतं व्हय?"

पटण्यासारखं होतं, म्हणून जास्तच राग आला. तरी टाकी खिडकीशी सरकवली. पण ते जालन्याचं ऊन. पाणी अंघोळीला चालेल इतकं तापलं, काचेवर तपकिरी साय धरली आणि जे उगवायला नको होतं ते सगळं झपाट्याने उगवलं. टाकी पुन्हा जागेवर आली.

मग औरंगाबादच्या दुकानातून निळी ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. का नेतात ते घरी लावल्यावर कळलं. त्या उजेडात मासे नवरदेवासारखे दिसायचे. शेवाळाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, ते विरघळायला लागलं. त्यानंतर मंडपवाल्याकडून हॅलोजन आणला. त्याच्या उजेडात घरातला प्रत्येक माणूस दिसेनासा होईपर्यंत डोळे दिपायचे आणि पाणी पुन्हा तापायचं. त्यात लोडशेडिंग. सकाळी जाते, संध्याकाळी जाते, आणि मी मात्र कोणता दिवा किती तास लावावा याचा अभ्यास करतोय. ज्या गावात दिवा लागेल की नाही याचीच खात्री नाही, तिथे दिवा कसला असावा यावर डोकं फोडणारा मी एकटाच असेन.

शेवटी सायबर कॅफेत जाऊन बसलो. परदेशातले लोक याच विषयावर पानंच्या पानं भांडत होते. कुणी म्हणे लालसर उजेड, कुणी म्हणे पांढरा. पण एक आकडा बऱ्याच जणांचा जुळत होता, साडेसहा हजार केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापात भरदुपारसारखा पांढरा. तो कागदावर लिहून मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"केल्विन आपल्याकडं न्हाई येत," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचा चालंल का?"

वाद घालण्याचं त्राण नव्हतं. मी काउंटरवरची सीएफएलची खोकी एकेक उलटून पाहत सुटलो. एका पांढऱ्या दिव्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत साडेसहा हजार छापलेलं सापडलं. इतके दिवस तो दिवा घरापासून चार पावलांवर पडून होता. घरी येऊन बायकोचं स्टीलचं ताट मागे उभं केलं आणि दिवा लावला. उजेड सरळ शेवाळावर पडला. तो तापत नव्हता आणि पडत्या व्होल्टेजलाही पेटत होता. दादांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हां, ह्यो उजेडासारखा उजेड."

त्याच आठवड्यात अंगारकी आली. मी आणि बायको राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. गुडघ्यांमुळे दादा घरीच राहिले. रांग इतकी होती की परतायला संध्याकाळ झाली. टाकी ठीक दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. मी बँकेत रजा टाकली. साठवलेलं पिण्याचं पाणी मीठ कालवून ओतलं, वह्यांच्या पुठ्ठ्याने वारा घातला, पंप पुसून पुन्हा लावला. दुपारपर्यंत एक गेला, संध्याकाळी दुसरा. मी दिव्याला शिव्या घातल्या, विजेला घातल्या, मुंबईच्या दुकानदाराला घातल्या. दोन्ही मासे बायकोने लिंबाच्या आळ्यात पुरले.

पुढचे काही दिवस मी टाकीकडे पाहिलंही नाही. दिवा दादाच लावायचे, दादाच बंद करायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. वाफा गच्च भरला होता. हिरव्या दोऱ्यांचा एवढा दाट गुंता, की पलीकडची काच दिसत नव्हती. असा हिरवा रंग मी आष्टीच्या मळ्यानंतर पाहिला नव्हता.

"तुझ्या हाताला गुण आला बघ," दादा म्हणाले.

मासे मेले होते, तरी मला आतून बरं वाटलं. चाळिशी उलटलेला माणूस मी, आणि मेथीच्या वाफ्यापाशी उभ्या पोरासारखा छाती भरून उभा होतो. बरा दिवा निवडला होता मी. बिलकुल बरोबर निवडला होता.

"दिवा तू बराबर आणला," दादा पुढे बोलले. "पण पीक पिवळं पडल्यावर नुसत्या उजेडानं काय होतंय? तुम्ही राजूरला गेल्ते ना, तवा मी अर्धी मूठ युरिया सोडला. लिंबाचा व्हता त्यातला. मंग पाह्य कसं उठलं."

मी काचेवर हात टेकला. पाण्यात युरियाचाही अमोनियाच होतो. माशांना ज्या विषापासून वाचवायचं म्हणून शेवाळ लावलं, तेच त्यांनी अर्धी मूठ आत सोडलं होतं. जिभेवर आलेलं सगळं बोलून टाकावं असं फार वाटलं. आणि त्या रागातही दुसरंच काहीतरी सलत होतं. हे शेवाळ माझ्या दिव्याने उगवलं की त्यांच्या युरियाने? ते मला आता कधीच कळणार नव्हतं, आणि आजही कळलेलं नाही.

दादांनी बाही वर सारून हात पाण्यात घातला होता. शेवाळ बोटांनी उचलून, हलवून ते खाली मुळं पाहत होते. त्याला मुळं नसतात हे मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं. शेत सोडून आल्यापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

"आता मासे आण," ते म्हणाले. "मागल्या खेपेला बिचारे उपाशी मेले. आता चारा तयार हाय."

"आणतो," मी म्हणालो.