साडूंनी पास केलेली गाडी

जगात निर्दोष अशी एकही वस्तू नाही, हे सिद्ध करण्यासाठी आमच्या थोरल्या साडूंचा जन्म झाला आहे, आणि ते सिद्ध होत असताना शेजारी टॉर्च धरून उभं राहण्यासाठी माझा. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार मालाची तपासणी केली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याकडची भेंडी, लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या, देवळाच्या पायऱ्यांची उंची, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं आणि बहुतेक नापास होतं. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा सगळे पोहे खात असताना हे दारात उकिडवे बसून नवऱ्या मुलाचे बूट उलटेसुलटे करत होते. आत येऊन भर बैठकीत म्हणाले, "डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय. टायर असा झिजला की समजायचं, चाकाचा कोन चुकलाय. मुलाला एकदा चालून दाखवू द्या." मुलगा चालला. पास झाला. आज तो माझा जावई आहे आणि साडू घरात आहेत असं कळलं की चपला घालून येतो.

या माणसाला आयुष्यात एकच वस्तू विकत घ्यायची होती, ती म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार. दोन दारांची, दोन माणसांची, लांब नाकाची, छत मागं पाडता येणारी. तरुणपणी कुणाच्या तरी अशा गाडीत त्यांना क्रांती चौकापासून रेल्वे स्टेशनपर्यंत बसायला मिळालं होतं, आणि तेवढा रस्ता त्यांच्या मनातून अजून संपलेला नाही. नवी गाडी घ्या म्हटलं तर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू मीच रिजेक्ट झालेला माल आहे. आपल्या भागात अशा गाड्या असून असून असणार किती? पण जिथं जिथं असतील तिथली खबर त्यांना लागायची, आणि रविवारी सकाळी सातला माझा फोन वाजायचा. "पाव्हणं, उठलात का?" मी उठलेला नसे. गेली नऊ वर्षं मी रविवारी उठलेला नसतो आणि तरीही गेलेला असतो.

त्यांची तपासणी मालकाला नमस्कार करण्याआधीच सुरू होई. आधी बॉनेटवर तळहात. तो गरम लागला, तर आम्ही चहासुद्धा न घेता परत. "आपण येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली. थंडीत उठत नसणार ही," असं ते मला मालकाच्या देखतच सांगत. थंड असेल तर पुढं तीन तास. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक ते पत्र्यावरून फिरवत. जिथं चिकटणार नाही, तिथं रंगाखाली पुट्टी भरलेली. मग पायाखालची जाजमं उचलून गंज. मग तेलाचं झाकण उघडून आत बघायचं; तिथं दुधाच्या सायीसारखा फेस दिसला की इंजिनात पाणी शिरलेलं. मग चासीचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर, आकडा न् आकडा, मोठ्यानं, शाळेतल्या हजेरीसारखा. शेवटी सतरंजी अंथरून गाडीखाली. वैजापुरात कांद्याच्या चाळीशेजारी उभ्या असलेल्या एका गाडीखाली ते गेले ते बाहेरच येईनात. वाकून बघितलं तर गार जमिनीवर त्यांचा डोळा लागला होता. मालक मला विचारत होता, "काय सापडलं का वो?" मी म्हटलं, "शोधतायत."

सिल्लोडला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेलो, तर गाडी जिनिंगच्या शेडमध्ये, वर ताडपत्री, आत कोंबडी. साडूंनी कोंबडी उठवली, खाली अंडं होतं ते मालकाच्या हातात दिलं आणि वहीत लिहिलं, 'आसन साबूत. वापर चालू.' पुढं एकवीस दोष लिहिले आणि एकेक वाचून दाखवला. तो भला माणूस कंटाळून म्हणाला, "साब, गाडी लेने को आए की मेरेकू शरमिंदा करने को?" साडू म्हणाले, "भाई, लेनीच है. इसलिए तो देख रहा."

घ्यायचीच आहे, हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला होता. ताई म्हणायच्या, "त्यांना गाडी नको, नुस्तं बघणं पायजे. जाऊ द्या, घरात माझी कढई तपासण्यापेक्षा बरं." मीही आता दमलो होतो. गेल्या हिवाळ्यापासून तर गाडी चालवायचं कामही माझ्याकडे आलं होतं. "गुडघा धरतोय" म्हणून ते शेजारी बसायचे.

अशाच एका रविवारी आम्ही गंगापूरला गेलो. दवाखाना चालवणारे एक डॉक्टर वारले होते आणि त्यांची लाल गाडी त्यांच्या पत्नीला विकायची होती. बाई सत्तरीच्या, शांत. म्हणाल्या, "मला चालवता येत नाही. पण ते गेल्यापासून दर गुरुवारी चालू करते न् जरा वेळ आत बसते." साडूंनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. चुंबक फिरवलं, चिकटलं. तेल स्वच्छ, नंबर माझ्याकडून वाचून घेतले तेही बरोबर. इंजिन पहिल्याच चावीला उठलं आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग वही बंद करून माझ्याकडे वळले. चेहरा असा, की मी त्यांचा तसा कधी बघितला नव्हता. "पाव्हणं, नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहायला काही नाही."

मी गाडीकडे बघत होतो. डावं दार वेगळ्या लाल रंगाचं होतं. बाकी अंग पिकल्या डाळिंबासारखं आणि हे दार चक्क शेंदरी. फाटकातून आत येतानाच मला ते दिसलं होतं. कधीतरी गाडी ठोकली असणार आणि दार नवं बसवलं असणार. पत्रा नवा, म्हणून चुंबक चिकटलं. मला वाटलं होतं, हे मुद्दाम शेवटी काढतील. त्यांनी ते काढलंच नाही.

गप्प बसलो असतो तर माझे सगळे रविवार मोकळे झाले असते. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आलाही. मग मी त्यांना जरा बाजूला नेऊन म्हटलं, "दादा, दाराचा रंग बघितला का?"

ते दाराकडे गेले. जवळ गेले, आणखी जवळ, नाक लागेल इतके. मग सरळ उभे राहिले. "वेगळा हाय का?"

"लई वेगळा."

बराच वेळ ते रुमालानं हात पुसत राहिले. मग म्हणाले, "पडदा खराब होत चाललाय डोळ्याचा. मधलं सगळं धुरकट. रंग तर दिवाळीपासून सारखेच दिसतात. तुमच्या ताईंना सांगितलं नाय अजून." गुडघा त्यांचा कधीच धरत नव्हता.

त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आता तुम्ही बघा. मी सांगतो तसं." ते एका दगडावर बसले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेलो. दाराच्या फटी, टायरची झीज, धुराचा रंग. ते विचारत, मी सांगत असे. दार धरून सहा दोष निघाले. बाईंनी स्वतःहून सातवा सांगितला, पावसात छत गळतं म्हणून. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घ्यावी का मग?" इतक्या वर्षांत माझं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "घ्या."

संध्याकाळी त्यांनी ताईंना डोळ्यांचं सांगितलं. ताई गाडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर राखता येईल, गेलेली परत येणार नाही.

आता रविवारी ती लाल गाडी मी चालवतो, छत मागं पाडून. साडू शेजारी बसतात आणि गिअरचा कुठला दात कुठं करकरतो ते इंजिनाच्या आवाजावरून सांगतात. मागच्या आठवड्यात खुलताबादकडे निघालो होतो. दौलताबादच्या पुढं रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. आत शिरलो तसा इंजिनाचा आवाज दोन्हीकडच्या दगडांवर आपटून अंगावर आला, आणि त्यांनी चेहरा वर केला.

"दरवाजा?"

"व्हय."

बाहेर पडल्यावर ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, पुढं जागा बघून वळवता का? अजून एकदा जाऊ त्यातून."

ऊन चढलं होतं, माझी कंबर धरली होती आणि समोरून उसाचे ट्रक येत होते. मी जागा बघून गाडी वळवली.